नेपियरला शेत द्यावं की गोठ्यामागे गोबरगॅस बांधावा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. मुरबाड तालुक्यात वडिलांच्या नावावर सहा एकर जमीन आहे. त्यातली साडेतीन एकर भाताची, बाकीची वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन. दावणीला तीन म्हशी आणि एक बैलजोडी. तुम्ही ठाण्यात नोकरीला, शनिवार-रविवार गावी. एका बायोगॅस कंपनीचा माणूस घरी येऊन गेला. पाच एकरांत नेपियर (उंच वाढणारं चाऱ्याचं गवत) लावा, पंधरा वर्षांचा करार करा, एकरी शंभर टन निघेल आणि टनाला हजार रुपये देऊ, असं तो म्हणतो. ‘सरकारनं सीएनजीत बायोगॅस मिसळणं सक्तीचं केलंय, माल पडून राहायचा प्रश्नच नाही’ हे त्याचं हुकमी वाक्य. वडिलांना मात्र गोठ्यामागे पूर्वीसारखा गोबरगॅस हवाय. ऐकायचं कुणाचं?

आधी वडिलांचं ऐका. कंपनीचा माणूस खोटं बोलतोय असं नाही. तो अर्धंच सांगतोय. उरलेलं अर्धं मी सांगतो. बावीस वर्षं याच जिल्ह्यात गोबरगॅसची संयंत्रं बांधतोय आणि दुरुस्त करतोय, आणि दुरुस्तीतच जास्त शिकलोय.

सक्तीची गोष्ट खरी आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्राने ठरवलं की शहरी गॅस वितरणात, म्हणजे गाड्यांच्या सीएनजीत आणि घरोघरच्या पाइप गॅसमध्ये, ठरावीक हिस्सा बायोगॅसचा असलाच पाहिजे. २०२५-२६ मध्ये १ टक्का, पुढच्या वर्षी ३, मग ४, आणि २०२८-२९ पासून ५ टक्के. त्याआधी, १ ऑक्टोबर २०१८ ला, ‘सतत’ नावाची योजना आली होती. शेण, पिकांचे अवशेष, ओला कचरा यांपासून गॅस करायचा, तो शुद्ध करून दाबाखाली भरायचा आणि तेल कंपन्यांनी तो विकत घ्यायचा. सुरुवातीचा दर किलोला ४६ रुपये होता, नंतर तो सीएनजीच्या किरकोळ दराशी जोडला गेला. २०२३-२४ पर्यंत ५,००० प्रकल्प उभे करायचं लक्ष्य होतं. मुदत संपली तेव्हा चालू प्रकल्प शंभराच्याही आत होते. ग्राहक नव्हता म्हणून ही गत झाली नाही. वर्षभर, रोज, एकसारखा कच्चा माल मिळवणं हे या धंद्याचं खरं दुखणं आहे. म्हणून तर तो माणूस तुमच्या ओट्यावर येऊन बसला. गॅस कुठे विकायचा याची काळजी त्याला नाही, टाकीत काय घालायचं याची आहे.

आता या धोरणातली गोम पाहा. पैसे मिळतात ते विकलेल्या गॅसच्या किलोला. तो किलो म्हशीच्या शेणातून आला, वाशीच्या बाजारातल्या सडक्या कोबीतून आला की भातखाचरात लावलेल्या गवतातून आला, दर तोच. मग प्रकल्पवाला काय करेल? शेण वीस गोठ्यांतून गोळा करावं लागतं, ओल्या कचऱ्यातून प्लास्टिक निवडावं लागतं. गवत मात्र एका जागी उभं असतं, कापायचं आणि ट्रॉलीत भरायचं. ज्यात कटकट कमी तिकडे तो वळणारच, आणि ती कटकट कमी होते तुमच्या जमिनीच्या जिवावर.

गणित मांडू. एक टन हिरव्या नेपियरमधून शुद्ध केलेला गॅस मिळतो ३० ते ४० किलो. ३५ धरा. दिवसाला ५ टन गॅस करणारा प्रकल्प असेल तर रोज १४० टनांच्या वर गवत लागतं. ट्रॅक्टरच्या तीसेक ट्रॉल्या, रोज. वर्षाचे ३३० दिवस धरले तर ४७ हजार टन. एकरी शंभर टनांचा आकडा पत्रकात असतो. बारमाही पाणी, चांगली माती आणि वेळच्या वेळी कापणी असेल तर मी साठ धरतो. म्हणजे एका प्रकल्पाला पावणेआठशे एकर. मुरबाड-शहापुरात सलग पावणेआठशे एकर बारमाही पाण्याची जमीन कुठे आहे, हे त्या माणसाला विचारा. मलाही ऐकायची उत्सुकता आहे.

आणि पाणी? ज्या शहापूर तालुक्यात तानसा, भातसा आणि वैतरणेची धरणं आहेत, जिथून मुंबई आणि ठाणे पाणी पितात, तिथल्याच पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. मुरबाडची स्थिती त्यापेक्षा फार बरी नाही. नेपियर पावसाळ्यात माणसाच्या डोक्यावर जातं हे खरं, पण तेव्हा भातखाचरात ट्रॅक्टर जात नाही. जुलैमध्ये चाकं आसापर्यंत रुततात, गवत डोक्यावरून बांधावर आणावं लागतं. फेब्रुवारीनंतर जमीन कडक होते, ट्रॉली सहज जाते, पण गवत पाण्यावाचून पिवळं पडतं. प्रकल्पाला गवत रोज लागतं आणि आपल्याकडे ते चार महिने काढता येत नाही, चार महिने वाढत नाही. उन्हाळ्यात पाणी नसेल तर एकरी ३०-३५ टनांवर हिशेब करा. टनाला हजार म्हणजे तीस-पस्तीस हजार रुपये, आणि त्यातून तोडणीची मजुरी जायची. तोडणी कुणाची, हे करारात लिहिलेलं असतं का ते बघा. बहुतेक करारांत मी ‘शेतकऱ्याने पुरवावे’ असाच शब्द पाहिलाय.

भातात तरी काय मिळतं, असं तुम्ही म्हणाल, आणि ते चूक नाही. २०२५-२६ चा साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. आपल्याकडे एकरी बारा क्विंटल निघालं तरी अठ्ठावीस हजारांच्या आसपास. पण भाताबरोबर पेंढा येतो, आणि पेंढ्यावर तीन म्हशी उभ्या आहेत. नेपियर कंपनीला गेलं आणि पेंढाही संपला तर म्हशींना चारा विकत. मग म्हशी कमी होतात, शेण कमी होतं, आणि घरच्या गोबरगॅसचा विषयच संपतो. हे मी एका घरात झालेलं पाहिलंय. दोन वर्षांत गोठा रिकामा झाला, कंपनीची गाडी यायची बंद झाली, आणि नेपियरचे ठोंब खोदून काढायला जेसीबी लावावा लागला. त्या ठोंबांची मुळं एकदा हात लावून बघा. भाताच्या खाचरात ती काय करतील ते कळेल.

वरकसाचं काय, तिथे लावावं का, हा पुढचा प्रश्न येईल. कंपनीचा माणूस सातबाऱ्यावरचा पोटखराबा, म्हणजे लागवडीलायक नसल्याची नोंद, दाखवून म्हणेल, पडीकच तर आहे. ‘पडीक’ हा कागदावरचा शब्द आहे. आपल्या वरकसावर पावसाळ्यात नाचणी, वरी होते, नाहीतर गवत होतं. मुंबईच्या तबेल्यांना पिढ्यानपिढ्या जे गवत गेलं ते इथलंच. राष्ट्रीय धोरणात निकृष्ट आणि पडीक जमिनीवर इंधनाचं पीक घ्यावं असा सूर आहे. वाक्य दिल्लीत बसून वाचलं तर बिनचूक वाटतं. पण कोकणात पडीक म्हणून जी जमीन दाखवली जाते, तिच्यावर कुणाची तरी गुरं चरत असतातच. तरीही तुमच्या वरकसाच्या कडेला, विहिरीच्या सांडपाण्यावर, चार-पाच गुंठे नेपियर लावा. कंपनीसाठी नको, म्हशींसाठी. दुधात फरक दिसेल, आणि शेणही वाढेल.

धोरणाने जमीन कशी वळते याचं मोठं उदाहरण जर्मनीचं आहे. तिथे २००० साली अपारंपरिक विजेला ठरावीक दर देणारा कायदा झाला. २००४ मध्ये त्यात बदल करून खास पिकवलेल्या मालापासून बायोगॅस केला तर जादा पैसे मिळतील असं ठरलं. मग शेतकऱ्यांनी मका लावला, कारण एकरी सर्वांत जास्त गॅस मक्यातून मिळतो. इतका लावला की दूधवाल्या शेतकऱ्यांना भाड्याची जमीन महाग पडू लागली, आणि सगळीकडे मकाच मका होतोय म्हणून त्यांच्या भाषेत एक हेटाळणीचा शब्दच तयार झाला. २०१२ मध्ये नव्या प्रकल्पांना मक्याचं प्रमाण ६० टक्क्यांच्या आत ठेवायची मर्यादा घातली गेली, २०१४ मध्ये पिकांसाठीचा जादा पैसाही नव्या प्रकल्पांपुरता बंद झाला, आणि मर्यादा पुढे आणखी खाली आली. तिथल्या शेतकऱ्यांचा दोष नव्हता. सरकारने ज्याला पैसे दिले ते त्यांनी पिकवलं. आपल्याकडे नेपियरला असा वेगळा जादा दर नाही, हे नशीब. पण कच्च्या मालात भेदभाव न करणारा दर आणि वर्षागणिक वाढणारी सक्ती एकत्र आली की दिशा तीच राहते.

जमिनीला भाव लावणारी आपली दुसरी योजना सौर उर्जेची आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात खाजगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ, असा दर ठरला. तेव्हापासून जिल्ह्यात कुठेही जमीन भाड्याने मागितली की लोक ‘सौरचा दर’ काढतात. हा आकडा तुम्हीही मनात ठेवा. एकरी पन्नास हजार, तेही न राबता. नेपियरचा सौदा त्याच्याशी ताडून बघा. (भिवंडीकडच्या गोदामांच्या दराशी ताडू नका, मग शेतीतलं काहीच परवडणार नाही.)

एक गोष्ट कंपनीचा माणूस कधीच काढत नाही, ती म्हणजे मळी, गॅस निघून गेल्यावर टाकीतून बाहेर येणारा काला. टाकीत १४० टन गवत गेलं की शंभर टनांहून जास्त ओली मळी रोज बाहेर येते. तिच्या खताला टनामागे १,५०० रुपये बाजार सहाय्य देण्याचा निर्णय केंद्राने २०२३ मध्ये घेतला, आणि तो निर्णय चांगला आहे. पण ते सहाय्य विकलेल्या खतावर मिळतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मळी वाळत नाही. ती खड्ड्यात साठते, आणि एका रात्रीत दोनशे मिलिमीटर पाऊस झाला की खड्डा ओढ्याला मिळतो. ज्या प्रकल्पाची मळी साठवायची जागा तुम्हाला दाखवत नाहीत, त्याच्याशी करार करू नका. मी गवतापेक्षा आधी ती जागा बघायला जातो.

कागदपत्रांचं थोडक्यात. सातबाऱ्यावर ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा आहे का? असेल तर जमीन भाड्याने देण्याआधी परवानगीचा प्रश्न येतो. तुम्ही आदिवासी खातेदार असाल तर महसूल अधिनियमाचं कलम ३६-अ लागू होतं. बिगर-आदिवासीला पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, त्याहून मोठ्या मुदतीला राज्य सरकारची मंजुरी. ‘फक्त गवत खरेदीचा करार आहे, भाडेपट्टा नाही’ असं सांगून पंधरा वर्षांचा स्टॅम्पपेपर पुढे करणारे भेटले आहेत. आत लिहिलेलं असतं की या जमिनीत दुसरं पीक घेणार नाही. मग तो काय आहे? वकिलाला दाखवल्याशिवाय वडिलांना अंगठा काय, सहीही करू देऊ नका.

आता वडिलांच्या गोबरगॅसकडे येतो, कारण तिथेही धोरणाने बरंच बरंवाईट केलंय. आपल्याकडे गोबरगॅस जुना. तरंगत्या टोपीची रचना खादी आयोगाने गावोगाव नेली, १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला, १९८४ च्या सुमारास ‘दीनबंधू’ची घुमटाची रचना आली. देशात पन्नास लाखांच्या आसपास घरगुती संयंत्रं बांधल्याची सरकारी नोंद आहे, त्यात महाराष्ट्र आघाडीवर. पण अनुदान मिळायचं ते बांधकामाला. बांधून झालं, फोटो निघाला, पैसे आले. त्यानंतर ते चालतं का, हे कुणाच्या हिशेबात नव्हतं. त्यात २०१६ नंतर उज्ज्वला योजनेचा गॅस सिलिंडर दारात आला. तो येणं योग्यच होतं, चुलीच्या धुरातून बायका सुटल्या. पण एक सरकारी योजना दुसरीच्या डोक्यावर बसली. तुमच्या तालुक्यात फिरताना गोठ्यामागे कुबड निघालेला सिमेंटचा घुमट दिसला आणि त्यावर कोंबड्या बसलेल्या असल्या, तर तो बंद पडलेला गोबरगॅस समजा. त्यातले निम्मे दोन दिवसांच्या कामात चालू होतील.

बंद का पडतात? गॅस कमी येतो म्हणून बाई तक्रार करते. मी गेलो की शेगडी पेटवून बघतो. ज्योत फडफडत असली तर नळीत पाणी साचलंय, सगळ्यात खालच्या वळणावरचा कॉक उघडायचा आणि पाणी सोडायचं, पाच मिनिटांचं काम. ज्योत पिवळी आणि बारीक असली तर शेणकाल्यात काहीतरी बिघडलंय. बहुतेक वेळा पेंढ्याच्या काड्या आत जाऊन वर साय धरलेली असते, गॅसला वर यायला वाट नसते. शेण आणि पाणी समप्रमाणात, हाताने कालवून, काड्या वेचून टाकायचं असतं. हे कालवण्याचं काम घरातल्या बाईवर पडतं आणि अनुदानाच्या तक्त्यात त्याचा रकाना नाही. तुमच्या घरी हे काम कोण करणार ते आधी ठरवा. आई म्हणाली मी नाही करणार, तर तिथेच थांबा. उगाच तिच्यावर लादू नका.

माझी एक चूक सांगतो. पहिल्या दोन-तीन वर्षांतलं काम, भातखाचराच्या कडेला. जागा सोयीची, गोठ्याला लागून. मे अखेरीस बांधकाम झालं, टाकी भरायला घरमालक म्हणाला, पाऊस पडू दे मग भरू. जुलैमध्ये भुईचं पाणी वर आलं आणि रिकामी टाकी खालून उचलली. घुमटाला असा तडा गेला की हात आत जात होता. तो खर्च मी माझ्या खिशातून केला. तेव्हापासून कोकणात दोन नियम पाळतो. खाचरापेक्षा उंच जागा घ्यायची, आणि पावसाआधी टाकी पूर्ण भरायची. विहिरीपासून लांब बांधायचं, हे तर आहेच.

किती मोठं बांधावं? एक किलो ताज्या शेणातून साधारण ४० लिटर गॅस मिळतो. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलोंच्या आसपास शेण लागतं. त्यातून रोजचा गॅस म्हणजे पाऊण ते ०.९ किलो सिलिंडरच्या गॅसइतका. पाच-सहा माणसांचा स्वयंपाक त्यावर होतो. थंडीत कमी येतो, तेव्हा सिलिंडर हाताशी असू द्या. तुमच्याकडे पाच जनावरं आहेत म्हणजे शेण भरपूर, असं धरू नका. दिवसभर चरायला सोडलेल्या बैलांचं शेण माळावर पडतं. दावणीला जे मिळेल तेच मोजायचं. आणि शेगडी बायोगॅसची वेगळी घ्या, सिलिंडरची शेगडी त्यावर नीट चालत नाही.

वडील एक शंका काढतील, कारण सगळेच काढतात: शेण गॅसला गेलं तर राबाला (भाताच्या वाफ्यावर शेण-टहाळ्या पसरून भाजतात त्याला) काय? शेणातलं नत्र टाकीत जळून जात नाही. गॅस होऊन जातो तो कर्ब, खताचा कस मळीत उरतो. रोपवाटिकेच्या वाफ्यात मळी घाला, रोप तजेलदार येतं. मात्र राब भाजल्याने वाफ्यातलं तण मरतं, ते मळीने मरत नाही, एक खुरपणी वाढेल. पण टहाळ्या तोडायला डोंगरावर जाणं तर वाचतं.

अनुदान केंद्राच्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमातून आहे. घरगुती संयंत्रांना आकारानुसार ९,८०० पासून ७०,४०० रुपयांपर्यंत, २ ते ४ घनमीटरला सर्वसाधारण गटात १४,३५०. हा कार्यक्रम २०२५-२६ पर्यंतचा आखलेला होता, म्हणून खड्डा खणण्याआधी पंचायत समितीच्या कृषी विभागात जाऊन चालू वर्षाचं काय ते लेखी विचारा. अनुदान बांधकामानंतर येतं, तोवर पैसे तुमचे अडकतात.

कंपनीला मग नाहीच म्हणायचं का? गवताला नाही म्हणा, शेणाला नाही म्हणू नका. आणि त्यांना एक गोष्ट सुचवा, मी गेली काही वर्षं सुचवतोय. एक टन निवडलेल्या ओल्या कचऱ्यातून निदान नेपियरइतका गॅस निघतो, आणि त्याला एक गुंठा जमीन लागत नाही. वाशीच्या बाजार समितीच्या आवारात दुपारी बारा वाजता चक्कर मारा. कोबीचा पाला, सडकी टोमॅटो, फुटलेली कलिंगडं पायाखाली येतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्या, हॉटेलं यांच्यावर ओल्या कचऱ्याची जबाबदारी टाकली. घोडबंदरच्या संकुलांना ती डोकेदुखी वाटते. भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘निसर्गऋण’ हे तंत्र अशाच ओल्या कचऱ्यासाठी काढलं, तेही वाशीहून खाडीपलीकडेच, फार लांब नाही. अडचण एकच: ओला कचरा म्हणून आलेल्या पोत्यात शहाळी, प्लास्टिकच्या पिशव्या आणि चपला निघतात. शहाळं यंत्राच्या पात्यात अडकलं की अर्धा दिवस जातो, हे मी अंगावर घेतलंय. तरी निवडणारे चार हात पावणेआठशे एकरांपेक्षा स्वस्तच. भिवंडी-कल्याणच्या तबेल्यांचं शेण आहे, ते आज पाण्याने धुऊन नाल्यात जातं, खाडीला मिळतं. असा प्रकल्प शहराच्या कडेला उभा राहिला आणि त्याची मळी टँकरने मुरबाडला आली, तर तुम्ही पहिले गिऱ्हाईक व्हा. भाताला ती हवीच आहे.

आता काम. उद्यापासून आठ दिवस सकाळी गोठा झाडल्यावर शेण घमेल्यात भरून वजनकाट्यावर ठेवा आणि कॅलेंडरवर आकडा लिहा. तुम्ही ठाण्यात असाल, म्हणून हे काम वडिलांना सांगा. त्यांना आवडेल. रोजचं ४५ किलोंच्या वर गेलं तर २ घनमीटर, ३० च्या आत राहिलं तर १ घनमीटरच. मधलं काही आलं तर मला सातबाऱ्याची प्रत आणि गोठ्याचा, विहिरीचा, खाचराचा एकेक फोटो पाठवा. जागा बघून सांगतो.